निदान

आजाऱ्याच्या समाचारास जाण्याची आपली रीत फार जुनी आणि फार चांगली आहे. चार मोसंबी घ्यावीत, खाटेजवळच्या खुर्चीवर दहा-पंधरा मिनिटे बसावे, घरातल्या माणसांना धीर द्यावा आणि नको नको म्हणत चहा घेऊन निघावे. या भेटीतला पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो: 'काय निघालं?' कावीळ, टायफॉइड, मधुमेह, असे काही उत्तर मिळाले की पाहुण्याचा जीव भांड्यात पडतो. काविळीवर त्याच्यापाशी उसाचा रस असतो, मधुमेहावर कारले असते आणि टायफॉइडवर स्वतःच्या मावसभावाची हकीकत असते. नाव कळल्याने रोग बरा होतो असे नाही, पण त्याला समाजात एक जागा मिळते. त्याचे पथ्य ठरते, त्याची मुदत ठरते, आणि रोग्याशी कोणत्या स्वरात बोलावयाचे हेही ठरते. परंतु 'काय निघालं?' या प्रश्नाला ज्याच्यापाशी उत्तरच नाही, त्याने काय करावे? आणि त्याच्या मित्रांनी काय करावे?

आमचे एक स्नेही गेली साडेतीन वर्षे या प्रश्नापुढे निरुत्तर आहेत. आम्ही दोघे पुण्यातल्या एकाच महाविद्यालयात शिकलो, एकाच खोलीत राहिलो आणि एकाच खानावळीच्या आमटीला नावे ठेवीत पदवीधर झालो. पुढे आम्ही इंग्रजी वाङ्मयाकडे वळलो आणि ते गणिताकडे. एका विनाअनुदानित शाळेत अठ्ठावीस वर्षे ते गणित शिकवीत आले आहेत. त्यांना ओळखणारे सारे त्यांना मास्तर म्हणतात. येथेही आम्ही तेच नाव चालवितो.

मास्तरांच्या दुखण्याची सुरुवात फळ्यापाशी झाली. तिसऱ्या तासाला खडू धरलेला हात खांद्याच्या वर उचलून ठेवणे त्यांना जड जाऊ लागले. मग अधूनमधून बारीक ताप, पायांत मुंग्या, आणि दुपारी दोननंतर अंगातले सारे बळ कोणी काढून न्यावे असा थकवा. आठ-दहा दिवस हे चालावयाचे, मग पंधरवडाभर माणूस चांगला. इतका चांगला, की पाहणाराला मागचे दहा दिवस खोटे वाटावेत. पुढे पुढे चांगले दिवस कमी होत गेले. घरच्या डॉक्टरांनी शक्तीची औषधे दिली. त्यांनी गुण येईना, तेव्हा हाडांचे तज्ज्ञ, मज्जातंतूंचे तज्ज्ञ, संधिवाताचे तज्ज्ञ, ग्रंथींचे तज्ज्ञ, अशी एकेका दाराशी यात्रा झाली. रक्त कितीदा तपासले याची गणती एकट्या मास्तरांनाच ठाऊक. दोनदा एम.आर.आय. झाला, स्नायूंची आणि नसांची तपासणी झाली, पाठीच्या कण्यातले पाणी काढून पाहिले. प्रत्येक वेळी शेरा एकच: नॉर्मल. या शब्दाने माणसाचे तोंड उतरावे, हे ज्याने पाहिले नाही त्याला समजाविणे कठीण आहे. घरातल्या माणसांना त्या शब्दाने क्षणभर सुटल्यासारखे होते. रोग्याला मात्र वाटते, की आपली साक्ष पुन्हा एकदा अमान्य झाली.

कारण कागद निर्दोष ठरला की संशय माणसावर येतो. 'मनावर घेऊ नका', 'जरा हवापालट करा', 'या वयात होतंच असं', ही वाक्ये मास्तरांना आता पाठ आहेत. एका नातेवाइकांनी सांगलीकडच्या एका वैद्याचा पत्ता दिला, दुसऱ्यांनी पत्रिका मागवून घेतली, आणि तिसऱ्यांनी, मास्तरांच्या पाठीमागे पण त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात, नोकरीचा कंटाळा आला असेल असे निदान केले. एका डॉक्टरांनी मनाच्या उदासीनतेवर औषध लिहून दिले. मास्तरांनी ते आठ महिने नेमाने घेतले. झोप सुधारली, हात वर गेला नाही. साडेतीन वर्षे दुखणे सोसून ज्याला त्याचे नावही कळत नाही तो मनुष्य उदास झाला, तर ती उदासीनता दुखण्याचे कारण म्हणावी की फळ म्हणावे, याचा विचार करण्यास कोणालाच सवड नव्हती.

आम्ही डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांपैकी बहुतेकांनी मन लावून पाहिले; दोघांनी तर पुढच्या खेपांचे पैसे घेतले नाहीत. अडचण वैद्यांच्या नियतीत नाही, विद्येच्या सीमेत आहे. आणि ही सीमा काही आजचीच नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात १८ व्या अध्यायात असे सांगितले आहे, की एखाद्या विकाराचे नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, कारण सर्वच विकारांना ठरलेली नावे असतात असे नाही. दोष, स्थान आणि कारण ओळखून त्याने उपचारास लागावे. दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या ग्रंथातला हा समंजसपणा पाहून आम्हांला अचंबा वाटला. पुढे पाश्चात्य वैद्यकाने नावे देण्याच्या कामात केवढी तरी मजल मारली. पॅरिसच्या शार्को या डॉक्टराने १८६८ साली मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगाचे स्वरूप नीट मांडले आणि त्याला स्वतंत्र रोग म्हणून स्थान दिले. पण १८६७ साली त्या रोगाने ज्यांचे पाय लटपटत होते, त्यांचे दुखणे काही कमी खरे नव्हते. आज दुर्मीळ म्हणून गणलेल्या रोगांचीच संख्या ६,००० च्या वर आहे. युरोपातील अशा रोग्यांच्या एका मोठ्या पाहणीत, पहिले लक्षण दिसल्यापासून नाव कळेपर्यंत सरासरीने जवळजवळ पाच वर्षे गेल्याचे आढळले. ज्यांचे दुखणे कोणालाच ओळखता आले नाही अशांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००८ मध्ये एक निराळा विभागच उघडला. तेथेही पुष्कळ जण नावावाचूनच परत जातात. सारांश, दुखणे आधी येते आणि नाव मागून, आणि या दोहोंच्या मधला काळ माणसाला कोठे तरी काढावाच लागतो.

तो काळ महाग असतो. नाव नसलेल्या रोगाचा हा दुसरा आणि अधिक बोचरा पैलू. रोगाला नाव असले की मदतीची दारे निदान ठोठावता तरी येतात. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. परंतु ते यादीतले उपचार असतात, आणि उपचार ठरण्यास आधी रोग ठरावा लागतो. दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये राष्ट्रीय धोरण आखले आणि २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत नेली. पण तीही धोरणात नाव असलेल्या रोगांना. खासगी विम्याची गोष्ट तर याहून सरळ आहे. विमा-नियामकांनी ठरवून दिलेल्या अपवादांत एक कलम असे आहे, की केवळ तपासणीसाठी आणि निदानासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाचा खर्च विम्यात धरला जात नाही. मास्तर तीन दिवस रुग्णालयात राहिले ते नेमके निदानासाठी. निदान झाले असते तर विमा मिळाला असता; झाले नाही म्हणून मिळाला नाही. तर्कशास्त्राचा पेपर तपासताना असले वाक्य आढळले असते तर आम्ही त्याला पूर्ण गुण दिले असते. मास्तरांना मात्र त्याचे ४७ हजार रुपये पडले.

राष्ट्रीय आरोग्य-लेख्यांप्रमाणे देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या स्वतःच्या खिशातून जाणारा भाग २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा लहान नव्हे. परंतु सरासरी ही मोठी फसवी बाई आहे, असे मास्तर वर्गात नेहमी सांगतात. बाहेरच्या बाहेर होणारा सल्ला, तपासण्या, औषधे, परगावचे भाडे, यांतच ज्याचा खर्च होतो त्याच्या खिशातून १०० पैकी १०० टक्के जातात. साडेतीन वर्षांत मास्तरांचे ६ लाख ४० हजार रुपये गेले, आणि त्यांत एकही शस्त्रक्रिया नाही. विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकाच्या पगाराची कल्पना ज्या वाचकांना आहे, त्यांना अधिक सांगणे नको.

आता मित्रांनी काय करावे, हा प्रश्न. आपल्या मध्यमवर्गाला सगळे देता येते. पैसा मात्र सरळ हाताने देता येत नाही आणि घेता तर त्याहून येत नाही. हातउसने चालतात, पण ते पहिली तारखेच्या बोलीवर. मदत म्हटली की देणाराचा आवाज आपोआप मऊ होतो आणि घेणाराची मान आपोआप खाली जाते, आणि तीस वर्षांची मैत्री एका संध्याकाळी अवघडून बसते. आम्हांला या बाबतीत विलायतेतील एक जुनी हकीकत उपयोगी पडली. १८७३ साली टॉमस हक्सले याची प्रकृती ढासळली होती आणि पैशाचीही ओढाताण होती. तेव्हा चार्ल्स डार्विन आणि इतर स्नेही अशा १८ जणांनी मिळून २,१०० पौंड जमविले, ते हक्सलेच्या पेढीतील खात्यात भरून टाकले, आणि मग डार्विनने त्याला पत्र लिहून कळविले. विचारणे आधी आणि देणे मागून, हा क्रम त्यांनी उलटा केला. विचारले असते तर स्वाभिमानी मनुष्य नाही म्हणाला असता. भरलेले परत करावयाचे म्हणजे अठरा मित्रांचा अपमान करावयाचा. हक्सलेने पैसे घेतले आणि त्या उन्हाळ्यात तो हवापालटासाठी फ्रान्सला जाऊन आला.

आम्ही खानावळीतले जुने पाच सोबती. कोणी बँकेतून निवृत्त झालेला, कोणाचे औषधांचे दुकान, एक जण कोल्हापुरास वकिली करतो. प्रत्येकाने महिना ३ हजार रुपये काढावेत आणि ते वहिनींच्या खात्यात परस्पर जावेत असे ठरले. पहिल्या महिन्याचे पैसे जमा झाल्यावरच मास्तरांना सांगितले. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन आला. "घेतो. पण माझ्या वहीत ते देण्याच्या बाजूला लिहिणार. त्यात तुम्ही कोणी बोलायचं नाही." या वहीविषयी थोडे सांगावयास हवे. दुखणे सुरू झाल्यापासून मास्तरांनी एक वही ठेविली आहे. डाव्या पानावर प्रकृती: किती तास उभे राहता आले, ताप किती, हात किती वेळ वर राहिला. उजव्या पानावर पैसा. आता उजव्या पानाच्या तळाशी आम्हां पाच जणांची नावे महिन्याच्या महिन्याला येतात. ते पैसे आम्हांला परत नको आहेत हे मास्तरांना ठाऊक आहे, आणि ते लिहिल्यावाचून राहणार नाहीत हे आम्हांला ठाऊक आहे. आम्ही त्या पानाला हात लावीत नाही. मनुष्याचे बळ जाते, पगार अर्धा होतो, लोकांचा विश्वास उडतो. अशा वेळी आपण कोणाचे काही देणे लागतो आणि ते फेडण्याची आपली ऐपत आहे, ही भावना त्याच्याजवळ राहू देणे हेही मदतीपैकीच आहे.

खरी कसोटी गेल्या वर्षी लागली. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयाने महिनाभर दाखल करून घेऊन साऱ्या तपासण्या नव्याने करण्याची आणि शिवाय जनुकांच्या संपूर्ण चाचणीची सूचना केली. अंदाजे खर्च ३ लाखांच्या पुढे. घरात उरलेली एकच रक्कम होती: मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदतठेव. मुलगी औषधनिर्माणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "बाबा, मी एक वर्ष थांबते. त्यात काय एवढं?" वहिनींनी आम्हांलाच मध्ये घातले. "भावजी, तुम्ही सांगा यांना. ठेव पुन्हा करता येईल. माणूस कुठून आणू?" मास्तर ऐकेनात. "अरे, पेपरात एक गणित सुटत नसलं तर मी पोरांना काय सांगतो? त्याच्यावर बसून राहू नका, पुढची सोडवा. मीच तीन तास एकाच गणितावर घालवू? त्या पोरीचा पेपर कोरा ठेवून?"

दोघांचेही खरे होते, आणि म्हणूनच त्या घरात आठ दिवस कोणी धड जेवले नाही. मित्राने अशा वेळी कोणाची बाजू घ्यावी? आम्ही कोणाचीच घेतली नाही. मास्तरांची वही उचलली आणि पेठेतल्या एका वृद्ध डॉक्टरांकडे गेलो, ज्यांचे आता दुखणे ऐकण्यावर तपासण्यांपेक्षा अधिक लक्ष असते. त्यांनी दोन तास वहीची डावी पाने वाचली. मग म्हणाले, "प्रत्येक तपासणीपुढे एक प्रश्न लिहा. निकाल असा आला तर मी काय करणार, आणि तसा आला तर काय करणार? दोन्हींचं उत्तर एकच येत असेल, तर ती तपासणी आज नको." त्या रीतीने पाहता महिनाभराच्या यादीतल्या बहुतेक तपासण्या गळाल्या, त्या पूर्वी झालेल्याच होत्या. जनुकांची चाचणी तेवढी उरली. तिच्यासाठी एका सरकारी संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात नाव नोंदविले. तेथे खर्च नाममात्र आणि वाट पाहणे फार. सात महिन्यांनी पाळी आली, रक्त दिले, निकाल अजून यावयाचा आहे. मुदतठेव मोडली नाही.

नावाची वाट पाहताना दुखण्याशी मात्र वाट पाहावयाची नाही, हेही त्या डॉक्टरांनीच बजावले. चरकाचाच उपदेश झाला तो. थकवा येण्याच्या आधी विश्रांती, आल्यावर नव्हे. दिवसाआड हलका व्यायाम, तोही शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली. आणि मुख्याध्यापकांच्या समजुतीने सारे तास सकाळी. फळ्यावर हात उचलवत नाही, तर टेबलाशी बसून कागदावर लिहावयाचे आणि ते अक्षर पडद्यावर मोठे दिसावयाचे, असे एक यंत्र मिळते. मुले त्याला व्हिज्युअलायझर म्हणतात. त्याला एका एम.आर.आय.हून कमी पैसे पडले. साडेतीन वर्षांच्या साऱ्या खर्चात ज्या पैशाचे चीज झालेले डोळ्यांनी दिसते असा तो एक.

आमच्या वाट्याला दोन कामे आली. एक म्हणजे डॉक्टरांकडे जाताना सोबत जाऊन दुसऱ्या खुर्चीवर बसणे. आजारी मनुष्य तपासणीच्या खोलीत निम्मे सांगावयाचे विसरतो आणि ऐकलेले निम्मे घरी पोहोचेपर्यंत हरवतो. दुसऱ्या खुर्चीवरच्या माणसाने फक्त लिहून घ्यावयाचे असते. शिवाय 'हे असं होतं खरं, आम्ही पाहिलं आहे' असे म्हणणारा कोणी शेजारी असला, म्हणजे डॉक्टरही ऐकताना पेन खाली ठेवतात, असा आमचा अनुभव आहे. दुसरे काम गुरुवारच्या संध्याकाळचे. त्या दिवशी आम्ही मास्तरांकडे जातो आणि दुखणे सोडून जगातल्या कशावरही वाद घालतो. वाद रंगला की त्यांचा चेहरा विद्यार्थिदशेतला होतो. दमले की ते सांगतात आणि आम्ही निघतो. 'आत्ता तर बरे होता' असे म्हणत नाही.

ज्या डार्विनने हक्सलेसाठी वर्गणी जमविली, तो स्वतःही अशाच दुखण्याचा धनी होता. ओकाऱ्या, धडधड, थकवा यांनी त्याला जवळजवळ चाळीस वर्षे छळले. १८४९ मध्ये तो माल्वर्नला जलोपचारासाठी गेला, आणि त्या वर्षापासून १८५५ पर्यंत त्यानेही प्रकृतीची रोजनिशी ठेविली. १८८२ मध्ये तो वारला, तरी त्याला काय झाले होते यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. नाव कधीच मिळाले नाही. पण नाव मिळेपर्यंत जगणे थांबविले नाही म्हणून जगाला त्याचे ग्रंथ मिळाले. आमचे मास्तर डार्विन नव्हेत. पण सकाळच्या तीन तासांत ते नववीच्या मुलांना प्रमेय शिकवितात, आणि ते शिकविणे जगाच्या हिशेबात कमी धरण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

मराठीत 'निदान' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वैद्यांचा: रोगाचे मूळ ओळखणे. दुसरा तुमचा-आमचा, घरगुती: कमीत कमी. पहिल्या अर्थाचे निदान कोणाच्या नशिबी केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ते येईपर्यंत दुसऱ्या अर्थाचे निदान मात्र आपल्या हातचे आहे. निदान ऐकून घ्यावे. निदान खरे मानावे. निदान औषधांच्या हिशेबात एकट्याला बसू देऊ नये. मास्तरांच्या वहीत आम्हां पाच जणांपुढे लिहिलेले आकडे वाढत चालले आहेत, आणि खाली ओढलेल्या रेघेखालची बेरीज ते प्रत्येक महिन्याला न चुकता तपासून पाहतात.